पूर्ण रिस्टोअर केलेली एमजीबी घेताना: जाहिरातीपासून लॉगबुकापर्यंत

जाहिरातीत ‘पूर्ण रिस्टोअर केलेली’ असं वाचलं की विक्रेत्याला पहिला प्रश्न एकच विचारायचा: सिल (दाराखालची पत्र्याची पेटी) बदलतानाचे फोटो आहेत का? रंगाचे नकोत, चकचकीत इंजिनाचेही नकोत. पुढचं मडगार्ड काढून बाजूला ठेवलंय, दार उतरवलंय आणि दाराच्या मोकळ्या चौकटीत लोखंडी दांडा आडवा वेल्ड केलाय, असे फोटो हवेत. ते असतील तर गाडी बघायला जा. नसतील तर गाडी कितीही देखणी असो, ‘रंग दिलेली जुनी गाडी’ म्हणूनच तिचा भाव धरा.

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी अनेकांना कधी ना कधी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यावीशी वाटते, आणि त्यातल्या बहुतेकांची नजर एमजीबीवर जाते. ते योग्यही आहे. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात एमजीबी आणि तिच्या भावंडांच्या मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. त्यामुळे आजही तिचा जवळपास प्रत्येक भाग नवा मिळतो, आणि साधे पाने हाताळता येणाऱ्या माणसाला ती घरच्या घरी सांभाळता येते. मी ऑक्सफर्डशायरमध्येच राहतो, माझ्याकडे १९७१ची रोडस्टर (कापडी टपाची उघडी गाडी) आहे, आणि मित्रांबरोबर अशा पुष्कळ गाड्या बघायला गेलो आहे. त्या फेऱ्यांमध्ये जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो.

आधी साल ठरवा

सगळ्या एमजीबी दिसायला सारख्या, पण चालवायला सारख्या नाहीत. इंजिन सगळ्यांना १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगवर फिरायचा, १९६४च्या शरद ऋतूपासून तो पाच बेअरिंगवर आला आणि इंजिन जास्त टिकाऊ झालं. १९६५मध्ये मागे काचेचं दार असलेली छपराची जीटी आली. १९६७च्या अखेरीस मोठा बदल झाला: पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर खरखर न होता पडण्याची सोय) मिळालं, डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर आला आणि बॅटरीचं अर्थिंग पॉझिटिव्हचं निगेटिव्ह झालं. १९७४च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या नियमांमुळे क्रोमचे बंपर गेले, काळे रबरी आले आणि गाडी दीड इंच उंच झाली. त्या उंचीमुळे ती वळणावर जास्त कलते. १९७६च्या अखेरीस जाड अँटी-रोल बार (गाडी कलण्याला आवर घालणारा दांडा) देऊन कंपनीने ते बरंचसं सुधारलं.

रोज किंवा दर शनिवार-रविवारी चालवायची असेल तर १९६८ ते १९७४ची क्रोम बंपरची गाडी घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. रबरी बंपरची गाडी स्वस्त पडते आणि तिच्यात वाईट काही नाही. पण पुढे विकायला काढाल तेव्हा तिचा भावही त्याच मानाने कमी येतो. सहा सिलिंडरची एमजीसी आणि रोव्हरच्या इंजिनाची व्ही-एट जीटी यांचा विषय वेगळा, त्यात इथे शिरत नाही.

घरी बसून करायची कामं

विक्रेत्याकडून गाडीचा नंबर आणि चॅसी नंबर मागून घ्या. गाडीच्या नंबरावरून सरकारी संकेतस्थळावर २००५पासूनचा एमओटीचा (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का याच्या वार्षिक तपासणीचा) इतिहास फुकट दिसतो. तो नुसता चाळू नका, ओळ न् ओळ वाचा. दरवर्षी किती मैल झाले, तपासनिसाने ‘सिलला गंज’ किंवा ‘स्प्रिंगच्या टेकूजवळ पत्रा कमकुवत’ असं कधी लिहिलं आणि रिस्टोरेशन कोणत्या वर्षी झालं, हे शेजारी शेजारी मांडा. रिस्टोरेशननंतर दोनच वर्षांनी पुन्हा सिलच्या गंजाची नोंद असेल तर पुढे काही बघायची गरजच उरत नाही. चाळीस वर्षांवरच्या आणि फारसा मूलभूत बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८पासून एमओटीची सक्ती नाही, म्हणून अलीकडच्या नोंदी नसणं हा दोष धरू नका. मात्र विक्रीच्या वेळी ताजी एमओटी करून मागा. स्वतःच्या कामावर विश्वास असलेला विक्रेता त्याला नाही म्हणत नाही.

चॅसी नंबरातली अक्षरंही वाचता येतात. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा गट, एन म्हणजे दोन सीटची उघडी गाडी आणि डी म्हणजे जीटी. पुढे यू असेल तर गाडी अमेरिकेसाठी बनली होती आणि तिचं स्टिअरिंग मुळात डावीकडे होतं. कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या भागातून परत आणून उजव्या स्टिअरिंगच्या केलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. त्यांचा पत्रा बहुधा चांगला असतो, सीट आणि डॅशबोर्ड मात्र उन्हाने तडकलेले. अशी गाडी घ्यायला हरकत नाही, फक्त ती तशी आहे हे आधी कळायला हवं.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. पैसे भरले की तिथून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. त्यात गाडी कोणत्या तारखेला बनली, मूळ रंग कोणता, इंजिन नंबर काय आणि ती कोणत्या देशासाठी होती हे असतं. मूळची आयरिस ब्लू गाडी आज टार्टन रेड असेल तर घाबरू नका, पण मग डिकीच्या आत आणि डॅशबोर्डखाली निळा रंग डोकावतो का ते बघा. रंग बदलणाऱ्याने तिथपर्यंत हात घातला असेल तर त्याने बाकीचं कामही मनापासून केलं असण्याची शक्यता जास्त.

जाताना काय न्यायचं

बॅटरी (टॉर्च), मऊ कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक, गुडघ्याखाली घालायला जाड गोणपाट, दोन ॲक्सल स्टँड (उचललेल्या गाडीला खालून द्यायचे टेकू) आणि बरोबर एक माणूस. फोनवर एकच विनंती करून ठेवा: आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागलं तर थंड इंजिनाचं स्टार्टिंग कसं आहे हे त्या दिवशी कळणार नाही. पाऊस असेल तर दुसरा दिवस ठरवा, कारण ओल्या पत्र्यावर प्रत्येक रंग छान दिसतो.

सिल

गाडी बघायला एक तास असेल तर त्यातला अर्धा तास इथे द्या. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. तिचा पत्र्याचा सांगाडा हीच चॅसी, आणि रोडस्टरला छप्पर नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचं बहुतेक काम दारांखालच्या दोन पेट्या करतात. त्या पेट्या म्हणजे सिल. बाहेरून ती पत्र्याची एक पट्टी वाटते. आत मात्र बाहेरचं सिल, मधला उभा पडदा आणि आतलं सिल असे तीन थर असतात, आणि खाली फरशीच्या कडेला कॅसल रेल नावाचा घडीचा पत्रा. हे सगळं मिळून एक बंद पेटी होते. गंज लागतो तो आतून, आणि बाहेर फोड दिसेपर्यंत मधला पडदा बहुतेक संपलेला असतो.

हे नीट बदलायचं तर काम मोठं असतं, कारण बाहेरचं सिल दाराच्या लांबीपुरतं संपत नाही. पुढे ते मडगार्डच्या आत जातं आणि मागे मागच्या मडगार्डखाली. म्हणून पुढचं मडगार्ड बोल्ट सोडून काढावं लागतं, मागच्याचा खालचा भाग कापावा लागतो, आणि सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत दांडा वेल्ड करून गाडीचा आकार धरून ठेवावा लागतो. तसं केलं नाही तर गाडी मधून खचते. सुरुवातीला ज्या फोटोंबद्दल लिहिलं ते याचसाठी.

ज्याला हे कष्ट नको असतात तो जुन्या कुजलेल्या सिलवरच नवीन पत्र्याचं कव्हर चढवतो, सांधा पुट्टीने भरतो आणि रंग मारतो. मित्रासाठी बघितलेली एक गडद हिरवी गाडी माझ्या कायम लक्षात राहिली आहे. रंग इतका खोल की त्यात आमचे चेहरे दिसत होते. सीटचा चामड्याचा वास नवा, आणि बरोबर बिलांची जाडजूड फाइल. मी गुडघे टेकून चुंबक दाराखालून मागे सरकवत गेलो. मधे ते घट्ट चिकटत होतं. मागच्या चाकाच्या कमानीपाशी आलं आणि सुटून खाली पडलं. चार बोटं रुंदीच्या जागेत पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी. मग खाली वाकून बॅटरी मारली. सिलची खालची कड काळ्या अंडरसीलच्या (गाडीच्या तळाला गंजू नये म्हणून फासतात त्या लेपाच्या) जाड थराखाली गोल झाली होती. खरं तर तिथे पत्र्यांचे थर एकमेकांना चिकटलेली धारदार कड दिसायला हवी. फाइल पुन्हा उघडली. बिलं रंगाची, सीटची, क्रोमची. सिलचं एकही नाही. माझा मित्र काही न बोलता बराच वेळ त्या गाडीकडे बघत उभा होता, आणि ती घेऊ नकोस असं त्याला सांगणं मला खरंच जड गेलं.

म्हणून तपासणी या क्रमाने करा. आधी दहा पावलं लांब उभे राहून दाराच्या कडेची फट बघा. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी खचलेली आहे. बाजूची क्रोमची पट्टी पुढचं मडगार्ड, दार आणि मागचं मडगार्ड यांवरून एका सरळ रेषेत जायला हवी. मग दार उघडून बंद करा. ते उचलून लावावं लागतं का? त्यानंतर विक्रेत्याची परवानगी घेऊन सिलखालच्या जॅक पॉइंटला जॅक लावा आणि एक चाक सुटेल एवढी गाडी उचला. आता दार पुन्हा उघडा आणि लावा. सांगाडा भक्कम असेल तर काही फरक पडत नाही. दार अडकलं, किंवा फट डोळ्यांदेखत मिटली, तर सिलमध्ये जोर नाही. जॅकच्या जागी पत्रा चुरचुरला तर लगेच खाली घ्या. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरायचं नाही, आधी स्टँड लावायचे.

दाराच्या पुढच्या तिकोनी काचेच्या बुडाशीही बघा. तिथून दाराच्या पत्र्याला बारीक चीर जाते. ती रोडस्टरमध्ये नेहमी दिसते आणि दुरुस्त होते. नव्या रंगातून ती परत वर आली असेल तर भाव करताना बोला.

बाकीचा पत्रा

पुढच्या मडगार्डचा मागचा खालचा कोपरा, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीची फरशी आणि मागच्या लीफ स्प्रिंगचे टेकू: या सगळ्यांवरून चुंबक फिरवा. बॉनेटवर चुंबक चिकटलं नाही तर गडबडू नका. १९६०च्या दशकातल्या गाड्यांची बॉनेट ॲल्युमिनियमची असतात आणि ती मूळची असणं चांगलंच. पुढच्या सीटच्या मागे गालिचा उचलला की बॅटरीचं झाकण दिसतं. क्रोम बंपरच्या गाड्यांत तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, नंतर बारा व्होल्टची एक आली. हे खोके वरून ॲसिडने आणि खालून चाकांच्या चिखलाने कुजतात. रंगवणाऱ्याचं इथे क्वचितच लक्ष जातं, म्हणून काम किती प्रामाणिक आहे हे मी या खोक्यांवरून ठरवतो. पेट्रोलची टाकी डिकीच्या फरशीला खालून चिकटून असते, आणि मधल्या सापटीत चिखल साचून ती वरून सडते. डिकी उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर टाकी बदलायची आहे असं समजा.

काही गाड्यांचं रिस्टोरेशन संपूर्ण नव्या सांगाड्यावर झालेलं असतं. ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८पासून एमजीबीचे नवे सांगाडे बनवते, त्यांचा कारखाना आता विटनीला आहे. अशा गाडीला ‘मूळची नाही’ म्हणून नाक मुरडणारे भेटतील. मला तसं वाटत नाही. चालवायला गाडी हवी असेल तर हेरिटेज सांगाड्याची, नीट जोडलेली एमजीबी ही मिळू शकणाऱ्या गाड्यांतली सर्वांत चांगली. सांगाड्याची पावती मात्र फाइलमध्ये असलीच पाहिजे. तुम्हाला ती पुढच्या मालकाला दाखवायची आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स

चावी पहिल्या खटक्यावर फिरवा आणि थांबा. मागच्या बाजूने पेट्रोलच्या एसयू पंपाची टिकटिक ऐकू येईल, आधी भराभर, मग सावकाश, आणि मग बंद. ती बंद होत नसेल तर पेट्रोल कुठेतरी गळतंय, कार्ब्युरेटरची सुई नीट बसत नाही किंवा पंप हवा ओढतोय. आता चोक ओढून सुरू करा. तेलाचा काटा लगेच वर जायला हवा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पन्नास मैलांच्या वेगाला तेलाचा दाब दर चौरस इंचाला ५० पौंडांच्या आसपास किंवा वर हवा, आणि आयडलला पंधरा ते पंचवीस ठीक. खाली दोन थेंब तेल पडलेलं दिसेल, त्याची काळजी करू नका.

एक तपासणी फारच थोडे लोक करतात. इंजिन बंद ठेवून बरोबरच्या माणसाला क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही पुढून क्रँकच्या पुलीकडे बघा. क्लच दाबताना पुली पुढे सरकलेली डोळ्याला दिसली तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर (त्याला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या) गेलेले आहेत. म्हणजे इंजिन उतरवायचं. ‘इंजिन रिबिल्ट’ या शब्दांची किंमत तिथेच कळते.

ब्रिटनमध्ये १९९९च्या अखेरीस शिशाचं पेट्रोल बंद झालं. म्हणून सिलिंडर हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवली आहेत का ते विचारा आणि बिल बघा.

गाडी स्वतः चालवा, निदान वीस मिनिटं. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये ओव्हरड्राइव्हचं (त्याच वेगाला इंजिन सावकाश फिरवणाऱ्या जादा गिअरचं) बटण दाबून बघा: इंजिनाचा आवाज झटकन खाली यायला हवा आणि बटण सोडल्यावर तितक्याच पटकन वर जायला हवा. (१९७७नंतरच्या गाड्यांत तो फक्त चौथ्याला लागतो.) १९७५च्या मध्यापर्यंत ओव्हरड्राइव्ह वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे, म्हणून सगळ्या गाड्यांत तो नसतो. लांबच्या रस्त्यावर त्याच्याइतकं सुख दुसऱ्या कशातच नाही, त्यामुळे तो चालू असलेल्या गाडीला थोडे जास्त पैसे द्यायला कचरू नका. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. गिअर उडून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स उघडायला लागेल.

चाकं आणि खालची बाजू

पुढचं चाक उचलून टायर वर आणि खाली धरून हलवा. खडखड आली तर किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) झिजलेत. प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल (ग्रीस भरायची छोटी तोंडं) असतात आणि तिथे दर ३००० मैलांनी ग्रीस मारायचं असतं. निपलवर रंगाचा थर बसलेला असेल तर रिस्टोरेशननंतर कोणी ग्रीस मारलेलंच नाही.

तारांची चाकं असतील तर पेन्सिल तारांवरून हलकेच फिरवा. ताणलेल्या तारा तंबोऱ्यासारख्या वाजतात, सैल तार बद्द वाजते. मग कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा, चाक उचला आणि पुढे-मागे फिरवायचा प्रयत्न करा. टक् असा आवाज आला तर हबचे दाते झिजलेत. चाक काढून बघता आलं तर उत्तम: दाते माथ्यावर सपाट हवेत, टोकदार झालेले नकोत.

भाव आणि कागद

एमजीबी मुळापासून नीट रिस्टोअर करायला येणारा खर्च बहुतेक वेळा तिच्या बाजारभावापेक्षा जास्त होतो. विक्रेता ‘माझे एवढे लागलेत’ म्हणेल तेव्हा तो खरंच बोलत असेल, आणि त्याच्या कष्टांचा मान ठेवूनच बोला. पण तुम्ही भाव करता तो आज समोर उभ्या असलेल्या गाडीचा. सापडलेल्या दोषांची यादी कागदावर लिहा, प्रत्येकापुढे दुरुस्तीचा अंदाज मांडा आणि तो कागद शांतपणे त्याच्यासमोर ठेवा. कापडी टप फाटलाय, कार्ब्युरेटर गळतोय, टायर दहा वर्षांचे आहेत, हे सगळं पैशांनी सुटतं. सिलचा दोष मात्र यादीत घालू नका. तो असेल तर आभार मानून परत या.

व्ही-५-सी, म्हणजेच लॉगबुक, आपल्याकडच्या आरसी बुकासारखं, पण त्यावर गाडी सांभाळणाऱ्याचं नाव असतं. तो मालकीचा पुरावा नाही. म्हणून सही केलेली पावती वेगळी घ्या, आणि गाडीवर कर्ज नाही ना हे पैसे देण्याआधी तपासून घ्या. पत्र्यावरचा चॅसी नंबर आणि व्ही-५-सीवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. ऐतिहासिक वर्गातल्या गाडीला रस्ताकर शून्य असतो, तरी तो तुमच्या नावाने भरल्याची नोंद गाडी रस्त्यावर आणण्याआधी करावीच लागते, आधीच्या मालकाची चालत नाही. विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या, आणि त्यासाठी रिस्टोरेशनच्या फोटोंच्या प्रती कंपनीला पाठवा.

पुढेमागे गाडी पुण्याला न्यावी असं मनात असेल तर जुनी गाडी भारतात आणण्याचे त्या वेळचे नियम आधी तपासून घ्या. 

घरी आणताना वाटेत पहिल्यांदा पेट्रोल भराल तेव्हा ई-५ लिहिलेल्या सुपरच्या नळीखालीच थांबा. साधं पेट्रोल सप्टेंबर २०२१पासून ई-१० झालंय आणि त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. तारांची चाकं असतील तर पहिल्या पन्नास मैलांनंतर थांबून तांब्याच्या हातोडीने मधले स्पिनर (चाक धरून ठेवणारे मोठे नट) पुन्हा घट्ट करा, आणि पोचल्यावर त्याच दिवशी सहाही निपलना ग्रीस मारून मैलांचा आकडा वहीत लिहून ठेवा.